बोली आमची, आळस कुणाचा?

‘समजलं ना? मग झालं!’ आपल्या समाजात हल्ली कुणी लेखनाच्या नीटनेटकेपणाविषयी बोलू लागले की हे वाक्य त्याच्या तोंडावर फेकले जाते. मोहल्ल्याच्या व्हॉट्सॲप गटावर निकाहचे आमंत्रण येते, मयतीची खबर येते, शिष्यवृत्तीच्या अर्जाची शेवटची तारीख येते, आणि या सगळ्यांची भाषा एकाच साच्यातली असते. थोडी मराठी, थोडी उर्दू, सगळी रोमन अक्षरांत, स्वर गाळलेली, पूर्णविराम सोडून दिलेली. वाचणारा अंदाजाने वाचतो, कारण लिहिणाऱ्याने सगळे त्याच्या अंदाजावरच सोडलेले असते. छत्रपती संभाजीनगरात, म्हणजे २०२३ पर्यंतच्या औरंगाबादेत, शहागंज, रोशन गेट, किराडपुरा, कुठल्याही वस्तीतला गट घ्या, हेच चित्र दिसते.

या लेखनाला आमचा विरोध आहे. दोन मित्र आपसात काय आणि कसे लिहितात यात नाक खुपसण्याची आम्हाला हौस नाही. त्यांनी खुशाल ‘जीएम’ म्हणावे, ‘एलओएल’ म्हणावे. पण जे लेखन दहा घरांत जाते, ज्यावर कुणाचा अर्ज, कुणाचे औषध किंवा कुणाचा हक्क अवलंबून असतो, त्याला हे चालणार नाही. या लेखनाची तीन समर्थने वारंवार ऐकू येतात. एक, ही काळाची गरज आहे. दोन, शुद्धलेखन हे वरच्या जातींचे हत्यार आहे, त्याचे जोखड आपण का वाहावे? आणि तीन, ही आपली बोली आहे. यातले तिसरे समर्थन आम्हाला सर्वांत घातक वाटते, कारण ते आपल्याच चळवळीच्या पुण्याईवर उभे राहू पाहते. तिन्हींचा समाचार क्रमाने घेऊ.

काळाची गरज हे समर्थन एकेकाळी खरे होते. एका एसेमेसमध्ये रोमन अक्षरे १६० बसत. तोच मजकूर देवनागरीत लिहिला तर केवळ ७० चिन्हे बसत, आणि त्या हिशेबात काना, मात्रा, वेलांटीसुद्धा वेगवेगळी मोजली जात. साधा ख्यालीखुशालीचा निरोप देवनागरीत लिहिला तर दोन-तीन एसेमेसचे पैसे पडत. शिवाय पलीकडच्या फोनला देवनागरी दिसेलच याची खात्री नसे. अक्षरांच्या जागी नुसते चौकोन उमटत. म्हणून त्या काळच्या तरुणाने रोमन अक्षरे वापरली आणि त्यातले स्वरही गाळले. त्याला आम्ही दोष देत नाही. गरिबाने पैसा वाचवला, यात गैर काय?

पण ती गरज संपून आता बरीच वर्षे झाली. देवनागरीला युनिकोडमध्ये १९९१ पासूनच स्थान आहे. आजचा स्वस्तातला स्वस्त स्मार्टफोनही मराठी दाखवतो, लिहितो आणि बोललेले ऐकून टाइपही करतो. रोमन अक्षरांत लिहायची सवय असेल तर तेच देवनागरीत उतरवून देणारे कीबोर्ड फुकट मिळतात. अक्षरे मोजून पैसे घेणारा तो एसेमेसचा जमाना गेला. मग स्वर गाळून वाचवलेला पैसा आता कुणाच्या खिशात पडतो? आज उरली आहे ती फक्त सवय.

या कीबोर्डबद्दलही एक गोष्ट सांगितली पाहिजे. यंत्र शब्द सुचवते, पण कुठला शब्द हवा आहे ते त्याला ठाऊक नसते. ‘दीन’ म्हणजे धर्म आणि ‘दिन’ म्हणजे दिवस. ज्याला हा फरक माहीत नाही तो यंत्राने पुढे केलेला पहिला शब्द उचलतो, आणि मग ‘दीन की बात’ची ‘दिन की बात’ होते. ज्याला भाषा येते त्याचे काम यंत्राने सोपे होते. ज्याला येत नाही त्याची चूक ते एका क्षणात शंभर जणांना पोहोचवते.

आता दुसरे समर्थन. शुद्धलेखनाचे नियम शहरी, पांढरपेशा वर्गाने केले आणि बहुजनांच्या मुलांचे गुण त्यावर कापले गेले, ही तक्रार जुनी आहे आणि तिच्यात तथ्यही आहे. एखादा शब्द संस्कृतातून जसाच्या तसा आला की नाही हे माहीत असल्याशिवाय वेलांटी पहिली की दुसरी ते ठरत नाही, हा नियम खेड्यातल्या मुलाला जाचकच आहे. तो बदलावा असे कुणाला वाटत असेल तर आम्ही त्याच्याबरोबर आहोत. पण नियम बदला म्हणणाऱ्याने आधी तो वाचलेला असावा, एवढी अपेक्षा जास्त आहे काय?

कारण नियम वाचला तर एक गंमत दिसते. मराठी साहित्य महामंडळाचे १४ नियम १९६२ साली आले आणि आणखी ४ नियम १९७२ साली. त्यात सांगितले आहे की मराठी शब्दाचे शेवटचे अक्षर अकारान्त असेल तर त्याच्या आधीची वेलांटी किंवा उकार दीर्घ लिहावा. म्हणून ‘सून’, ‘फूल’, आणि त्याच नियमाने ‘वकील’, ‘गरीब’, ‘फकीर’, ‘कबूल’. या शब्दांना प्रत्यय लागला की तीच वेलांटी ऱ्हस्व होते: ‘सून’ची ‘सुनेला’, तसा ‘वकील’चा ‘वकिलाला’, ‘फकीर’चा ‘फकिराला’. अपवाद कुणासाठी करावा लागला? संस्कृतातून आलेल्या शब्दांसाठी! ‘गुण’ आणि ‘विष’ ऱ्हस्व राहतात, ‘शरीर’चे ‘शरीराला’ होते. म्हणजे अरबी-फारसीतून आलेला फकीर मराठी व्याकरणाच्या घरात सुनेच्या शेजारी बसला आहे आणि त्याला घरचाच नियम लागू आहे. आपल्या शब्दांना या भाषेने दिलेले हे नागरिकत्व आहे. ‘शुद्धलेखन आपले नाही’ असे म्हणणारा ते आपल्या हाताने परत करतो आहे.

‘बाजार’, ‘हजार’, ‘रोजा’ या शब्दांचेही तसेच. नुक्ता नसतानाही मराठी माणूस यातला ‘ज’ बरोबर उच्चारतो, कारण ‘ज’चे दोन वेगळे उच्चार असल्याचे त्याच्या जिभेला मुळातच ठाऊक आहे. ही लिपी प्रत्येक अरबी ध्वनी दाखवते असा आमचा दावा नाही. ‘क़ल्ब’ म्हणजे हृदय आणि ‘कल्ब’ म्हणजे कुत्रा, हा फरक मराठीच्या नेहमीच्या लेखनात दिसत नाही. पण देवनागरीत नुक्ता देऊन तो दाखवता तरी येतो. फोनवरच्या घाईच्या रोमनमध्ये दोन्ही एक होऊन जातात.

आणखी एक सांगायचे आहे. महात्मा फुल्यांच्या लेखनाला विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी काय उत्तर दिले हे मराठी वाचकाला माहीत आहे. विचारांना भिडण्याऐवजी त्यांनी भाषेची आणि व्याकरणाची टिंगल केली. मुद्द्याला उत्तर नसलेला माणूस वेलांट्या मोजतो, हा अनुभव एकोणिसाव्या शतकाइतका जुना आहे. आपल्या तरुणाने शिक्षणावर, रोजगारावर, दंगलीच्या भरपाईवर कितीही खरा मुद्दा मांडला तरी समोरचा म्हणणार, ‘आधी मराठी लिहायला शीक.’ हे बोलणे अन्यायाचे आहे, पण ते बोलण्याची संधी आपण रोज फुकट का वाटावी? फुल्यांची भाषा रांगडी होती ती जाणीवपूर्वक. शूद्रातिशूद्रांना कळावे म्हणून त्यांनी ती निवडली होती. अंगठा थकला म्हणून स्वर गाळणाऱ्याने त्यांचा वारसा सांगू नये.

आता तिसरे समर्थन, आणि आमचा खरा राग इथे आहे. ‘ही आमची बोली आहे’ असे म्हणण्याचा अधिकार मुस्लिम मराठी लेखकांनी कष्टाने मिळवला आहे. १९९० साली सोलापूरला पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले. त्याच वर्षी पुण्याच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी डॉ. यू. म. पठाण होते. आपल्याच शहरातल्या विद्यापीठात मराठी शिकवणारा, बखरींतल्या फारसीचा अभ्यास करणारा आणि महानुभावांच्या पोथ्यांत रमणारा हा माणूस. त्याआधी कितीतरी शतके श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी ‘योगसंग्राम’ लिहिला, शहामुनींनी ‘सिद्धान्तबोध’ लिहिला, हुसेन अंबरखानाने गीतेवर ‘अंबरहुसेनी’ टीका लिहिली. घरात दखनी, कोकणी किंवा खानदेशी वळणाचे बोलणारा मुसलमान मराठीत लिहितो आणि त्याच्या घरच्या बोलीलाही साहित्यात जागा आहे, हे या सगळ्यांमुळे मराठीला मान्य करावे लागले.

पण बोली म्हणजे काय? आपल्या शहरातली दखनी घ्या. ‘लोग’चे अनेकवचन ‘लोगां’, ‘किताब’चे ‘किताबां’, ‘औरत’चे ‘औरतां’. मराठीतला जोर देणारा ‘च’ दखनीने उचलला आणि ‘वोइच’, ‘मैंच’ अशी रूपे केली. ‘को’चे ‘कू’ झाले, ‘हां’चे ‘हौ’ झाले. हे सगळे नियमाने चालते. एखाद्या लहान पोराने रूप चुकवले तर दादीअम्मा तिथल्या तिथे त्याला टोकतात. त्यांनी व्याकरणाचे पुस्तक पाहिलेले नसेल, पण व्याकरण त्यांच्या कानात आहे. याच दखनीत आपल्या वली औरंगाबादीने गझल लिहिली आणि १७०० च्या सुमारास तो दिल्लीला गेला तेव्हा तिथले फारसीत लिहिणारे शायरही या भाषेकडे वळले. ही बोलीची ताकद आहे.

आता गटावरच्या लेखनाचा नियम सांगा. एकच माणूस एकच शब्द सकाळी एक तऱ्हेने लिहितो, दुपारी दुसऱ्या आणि रात्री तिसऱ्या. रोमनमधली के, ए, एल ही तीन अक्षरे पाहा. ती ‘काल’ असतील, ‘काळ’ असतील, ‘कळ’ असतील किंवा ‘कल’. दवाखान्यातून निरोप आला तर ‘काल आली’ समजायचे की ‘कळ आली’? ‘दावा’ आणि ‘डावा’, ‘वेळ’ आणि ‘वेल’, ‘साठ’ आणि ‘साथ’ यांची गतही तीच. मराठीचे ट-त, ड-द, ळ-ल, ण-न हे जोड या लेखनात एकमेकांत विरघळून जातात. अरब मुलांनीही फोनसाठी रोमन अक्षरे घेतली, पण त्यांनी सोय केली. ‘ऐन’चा आकार उलट्या इंग्रजी तीनच्या आकड्यासारखा, म्हणून ‘ऐन’साठी तो आकडा, ‘बडी हे’साठी सातचा. पोरांनी आपसात नियम ठरवला आणि पाळला. आपल्याकडे तेवढेही झालेले नाही. ज्याला नियम नाही ते बोलीचे लेखन कसे?

‘पूर्वी कुठे होते शुद्धलेखन?’ असेही कुणी विचारतील. त्यांनी पैठणला जाऊन यावे, फार लांब नाही. ज्ञानेश्वरीच्या नकला करता करता तिच्यात अपपाठ शिरले, तेव्हा संत एकनाथांनी प्रती ताडून पाहिल्या आणि शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, शुद्ध प्रत तयार केली. हेच एकनाथ लोकांच्या बोलीत भारुडे लिहीत होते. बोलीचे प्रेम आणि अक्षराची काळजी एका माणसात सुखाने नांदत होती. त्यांचे गुरू जनार्दनस्वामी आपल्या दौलताबादचे, आणि परंपरा सांगते की जनार्दनस्वामींना आणि शेख महंमदांना उपदेश देणारे चांद बोधले हे एकच. हा वारसा आपल्या दाराशी आहे.

एका अक्षराचा प्रताप दोन्ही भाषांनी आपल्याला शिकवला आहे. १७७३ साली नारायणराव पेशव्यांचा खून झाला, आणि ‘धरावे’चे ‘मारावे’ केल्याची आख्यायिका मराठीत ‘ध चा मा’ म्हणून कायमची राहिली. उर्दूत ‘दुआ’ लिहिताना एक नुक्ता जास्त पडला तर ‘दगा’ होतो. म्हणूनच आपले जुने कातिब पुन्हा पुन्हा तपासल्याशिवाय कागद हातावेगळा करीत नसत.

आज हा ‘ध चा मा’ आपल्या नावांवर होतो आहे, आणि इथे थट्टा संपते. शाळेच्या दाखल्यावर ‘महंमद’, आधारकार्डावर ‘मोहम्मद’, शिधापत्रिकेवर ‘मो.’, बँकेत रोमनमधली फक्त दोन अक्षरे, एम आणि डी. एकाच माणसाची ही चार नावे. रोमनमधले नाव यंत्र देवनागरीत उतरवते तेव्हा ‘अली’चा ‘आली’ होतो, ‘राना’चा ‘राणा’ होतो. कारकून कानाने ऐकून लिहितो हे खरे, आणि त्याची बेपर्वाई आम्ही झाकणार नाही. पण त्याने ‘नाव कसे लिहायचे?’ असे विचारले तर आपला मुलगा काय सांगतो? त्याने स्वतःचे नाव प्रत्येक अर्जावर वेगळे लिहिलेले असते, कारण ‘समजलं ना, मग झालं’ हे त्याने फोनवर शिकलेले असते. मग प्रतिज्ञापत्र करा, राजपत्रात नाव छापा, खिडक्याखिडक्यांवर उभे राहा. कागदपत्रांच्या जुळणीवर माणसाचे नागरिकपण तोलले जाण्याचे हे दिवस आहेत. अशा दिवसांत वेलांटी ही चैनीची वस्तू नाही.

सलामाचीही गोष्ट काढली पाहिजे. ‘अस्सलामु अलैकुम’ ही दुआ आहे, समोरच्यासाठी सलामती मागणे आहे. तिची झाली ‘एएसए’. ‘जजाकल्लाह’चे झाले ‘जेएके’. मयतीच्या बातमीखाली ‘आरआयपी’ लिहून लोक मोकळे होतात. आम्ही संक्षेपाच्या विरोधात नाही. मोडी कागदांत चांद्र तारखेआधी ‘छ’ लिहीत आणि पुढे ‘रमजान’ किंवा ‘जमादिलावल’ येई. मराठी पत्रांत ‘मु. पो.’ आणि ‘सा. न. वि. वि.’ होते. पैगंबरांच्या नावापुढे आपण ‘(स.)’ लिहितो. पण हे संक्षेप सर्वांनी ठरवलेले होते, आणि ‘(स.)’ दिसले की वाचणारा पूर्ण दरूद म्हणतो. ‘एएसए’ वाचून कुणाच्या ओठांवर दुआ येते? जिला बोलायला दोन सेकंद लागतात ती दुआही पूर्ण लिहायला ज्याला वेळ नाही, त्याने पाठवलेली सलामती किती खरी मानायची?

सर्वांत मोठे नुकसान मात्र अजून पुढे आहे. १९४८ पर्यंत मराठवाडा निजामाच्या राज्यात होता. उच्च शिक्षण आणि सरकारी कामकाज उर्दूत चाले, आणि मराठी बोलणारे हिंदूसुद्धा उर्दूत शिकत. १७ सप्टेंबर १९४८ नंतर काळ बदलला, मराठीचे राज्य आले. आपल्यापैकी बऱ्याच घरांत आजोबांचे कागद उर्दूत आहेत, वडिलांची पत्रे मराठीत आहेत आणि नातू रोमनमध्ये लिहितो. तीन पिढ्या, तीन लिप्या! पहिला बदल इतिहासाने घडवला, तरी तो करताना वडिलांनी एक नवी लिपी मेहनतीने मिळवली. दुसऱ्या बदलात नातू काय मिळवतो आहे? रोमन लिपी त्याला इंग्रजीसाठी येतेच. तो फक्त दोन लिप्या गमावतो आहे. तुर्कस्तानने १९२८ साली अरबी लिपी सोडून रोमन घेतली, ती कायदा करून, नवी वर्णमाला घडवून, गावोगाव शिकवून. तरीही तिथल्या पुढच्या पिढ्यांना आपल्या पूर्वजांच्या कबरीवरचे शब्द वाचता येईनात. आपल्याकडे ना कायदा, ना वर्णमाला, आणि तरी तेच घडते आहे. वलीच्या शहरातले मूल वलीला वाचू शकत नाही, आणि शेख महंमदांनाही नाही, ही स्थिती कुणा दुश्मनाने आणलेली नाही.

यावर उपाय अवघड नाहीत. मशिदींच्या कमिट्यांनी, शाळांनी, मंडळांनी ठरवावे की सूचना देवनागरीत किंवा उर्दू लिपीत, पूर्ण शब्दांत जाईल. मूल जन्मले की त्याचे नाव मराठीत, उर्दूत आणि इंग्रजीत कसे लिहायचे ते घरच्यांनी एका कागदावर लिहून ठेवावे आणि मरेपर्यंत तेच वापरावे. २०२० च्या कायद्याने राज्यातल्या सर्व शाळांत मराठी सक्तीची आहे. उर्दू माध्यमाच्या पालकांनी तो तास ओझे न मानता हक्काने मागून घ्यावा आणि त्याला चांगला शिक्षक मागावा. या शहरात २०२१ पासून रीड अँड लीड फाउंडेशनच्या प्रयत्नाने मोहल्ल्यामोहल्ल्यांत मुलांची वाचनालये उभी राहिली आहेत. पोरांना तिथे घेऊन जावे, कारण जो वाचतो त्याची वेलांटी आपोआप सुधारते. आणि कुणाची चूक दिसली तर हसू नये. हसणाऱ्यांनीच आपल्या मुलांना लिपीपासून पळवून लावले आहे.

दखनी आम्ही घरात बोलू, कथेत लिहू, व्यासपीठावर अभिमानाने मांडू. ‘ळ’ आणि ‘ण’च्या उच्चारावरून कुणी टोमणा मारला तर त्याला जागच्या जागी उत्तर देऊ. पण आळसाने आमच्या बोलीचे नाव लावून फिरावे, हे आम्ही चालू देणार नाही. आपल्या गटावर पुढची सूचना टाकाल तेव्हा ती आपल्या लिपीत टाका, आणि पाठवण्याआधी एकदा वाचून पाहा.